प्रीमियम कॉम्पॅक्ट आणि रेंजफाइंडर कॅमेरे : विकत घेण्यापूर्वी चाचणी कशी घ्यावी

मोबाइलच्या छायाचित्रांनी समाधान न होणाऱ्या, पण मोठा कॅमेरा आणि लेन्सांची पिशवी वागवण्याचीही तयारी नसलेल्या अनेकांना लहान आकाराचे, मोठ्या सेन्सरचे (प्रकाश टिपणाऱ्या भागाचे) आणि चांगल्याच किमतीचे डिजिटल कॅमेरे सध्या खुणावत आहेत. फुजीफिल्मचा एक्स१००व्हीआय, रिकोची जीआर मालिका, लायकाची क्यू मालिका आणि लायकाचेच एम मालिकेतील रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून हाताने फोकस साधायचे कॅमेरे) ही त्यांतली ठळक नावे आहेत. यांपैकी कोणत्याही कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र नवशिक्याच्या गरजेहून कितीतरी अधिक तपशील देते. त्यामुळे नमुन्याची छायाचित्रे संगणकावर मोठी करून, त्यांच्या कोपऱ्यांतली स्पष्टता ताडून कॅमेरा निवडण्यात फारसा अर्थ उरत नाही. हे कॅमेरे एकमेकांपासून वेगळे पडतात ते डोळ्याला दृश्य कसे दिसते, फोकस कसा साधतो आणि बटण दाबण्याच्या क्षणी काय घडते या बाबतींत, आणि या तिन्ही गोष्टी कॅमेरा हातात घेतल्याखेरीज कळत नाहीत. पुढे दिलेली चाचणीची रीत त्यासाठीच आहे.

आधी जात ओळखावी

पहिला गट एक इंची सेन्सरच्या झूम कॉम्पॅक्टचा आहे. सोनीने २०१२ मध्ये आणलेल्या आरएक्स१०० पासून हा गट लोकप्रिय झाला. 'एक इंच' हे केवळ नाव आहे. प्रत्यक्षात या सेन्सरचे माप १३.२ × ८.८ मिलिमीटर असते. दुसरा गट एकाच, न बदलता येणाऱ्या लेन्सच्या कॅमेऱ्यांचा आहे. एक्स१००व्हीआय आणि जीआर यांत सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटरचा एपीएस-सी सेन्सर असतो, तर लायका क्यू३ आणि सोनी आरएक्स१ यांत ३६ × २४ मिलिमीटरचा फुल फ्रेम. क्षेत्रफळाने पाहिले तर फुल फ्रेम हा एपीएस-सीच्या सुमारे २.४ पट आणि एक इंचीच्या सुमारे साडेसात पट भरतो. अंधुक प्रकाशात हा फरक दिसतो, भर उन्हात क्वचितच.

तिसरा गट खऱ्या रेंजफाइंडरचा, आणि इथे नवा ग्राहक हमखास गोंधळतो, कारण दुकानात डाव्या कोपऱ्यात व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) असलेल्या कोणत्याही चौकोनी कॅमेऱ्याला सर्रास 'रेंजफाइंडर' म्हटले जाते. फुजीचे एक्स-प्रो आणि एक्स१०० या मालिकांतील कॅमेरे दिसायला तसे आहेत, त्यांना काचेतून थेट पाहता येणारा व्ह्यूफाइंडरही आहे, परंतु फोकसचे काम त्यांत सेन्सरच करतो. खऱ्या रेंजफाइंडरमध्ये कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला एकमेकींपासून दूर अशा दोन खिडक्या असतात. त्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी एका लहान उजळ चौकटीत एकमेकींवर पडतात, आणि लेन्सचे कडे फिरवून त्या दोहोंची एक प्रतिमा झाली की फोकस झाला असे समजायचे. यात ऑटोफोकस नाही. डिजिटलमध्ये ही पद्धत प्रथम एप्सनने २००४ साली आर-डी१ मध्ये आणली. त्यानंतर २००६ मध्ये लायका एम८ आला, २००९ मध्ये फुल फ्रेम सेन्सरचा एम९, २०१७ मध्ये एम१० आणि २०२२ मध्ये ६० मेगापिक्सेलचा एम११. फ्रान्सच्या पिक्सीसारखा एखादा अपवाद सोडला तर आज नवा डिजिटल रेंजफाइंडर म्हणजे लायका एम असेच समीकरण आहे, आणि लेन्ससह त्याची किंमत बऱ्याच लाखांत जाते. म्हणूनच त्याची चाचणी सर्वांत सावकाश आणि सर्वांत कसून घ्यावी.

घरातून निघण्यापूर्वी

एकाच लेन्सचा कॅमेरा घेणार असाल तर कोणत्या दृष्टिकोनात आपले मन रमते हे आधी ठरवावे लागते. जीआर ३ आणि लायका क्यू३ यांची लेन्स फुल फ्रेमवरच्या २८ मिलिमीटरच्या तोडीची आहे (हा आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद), एक्स१०० मालिकेची ३५ मिलिमीटरच्या, जीआर ३एक्सची ४० मिलिमीटरच्या, आणि क्यू३ ची ४३ मिलिमीटर लेन्सची निराळी आवृत्ती २०२४ मध्ये आली. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा २४ ते २६ मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे स्वतःची सवय तपासण्याचे साधन प्रत्येकाच्या खिशात आधीपासून आहे. मागील काही महिन्यांतली मोबाइलवरची आपली आवडती छायाचित्रे बाजूला काढावीत आणि त्यांपैकी किती नंतर कापून लहान केली आहेत, किती काढतानाच झूम करून घेतली आहेत, ते पाहावे. बहुतेक चित्रे अख्खीच ठेवली असतील तर २८ मिलिमीटर जमेल. बहुतेक निम्म्यावर कापलेली असतील तर २८ ची लेन्स कितीही उत्तम असली तरी ती घेऊन चुटपुटच लागेल.

'नंतर कापता येते की' असा युक्तिवाद विक्रेते करतात. तो खोटा नाही, पण त्याचा हिशेब करून पाहावा. २८ मिलिमीटरच्या चित्रातून ५० मिलिमीटरची चौकट कापली तर ३१ टक्के पिक्सेल उरतात. जीआर ३ च्या २४ मेगापिक्सेलमधून मग साडेसात मेगापिक्सेलच हाती लागतात, तर क्यू३ च्या ६० मेगापिक्सेलमधून जवळपास १९. एक्स१००व्हीआयच्या ४० मेगापिक्सेलमधून ५० मिलिमीटरची चौकट कापल्यास सुमारे २० मेगापिक्सेल उरतात. म्हणजे या कॅमेऱ्यांच्या मोठ्या मेगापिक्सेल आकड्यांचा खरा उपयोग भिंतीएवढे प्रिंट काढण्यापेक्षा अशी कापाकापी निभावण्यासाठी अधिक होतो.

दुकानात जाताना स्वतःचे रिकामे मेमरी कार्ड, नेहमीचा चष्मा, लहान टॉर्च आणि एक वर्तमानपत्र सोबत न्यावे. कार्ड घालण्यापूर्वी विचारावे. बहुतेक दुकानदार हरकत घेत नाहीत. मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार कॅमेऱ्यांसाठी जुना आणि प्रसिद्ध आहे. तिथे एकाच रस्त्यावर बरेच काही पाहता येते, मात्र शनिवारच्या गर्दीऐवजी आठवड्यातल्या एखाद्या दुपारी गेल्यास माणसे निवांत बोलतात. दुकानात मिळणारी पंधरावीस मिनिटे पहिल्या चाळणीपुरती पुरतात. त्या चाळणीतून उतरलेला कॅमेरा शनिवार-रविवारसाठी भाड्याने घ्यावा. मुंबई-पुण्यात ही सोय आहे. भाड्याचा कॅमेरा ताब्यात घेताना त्याच्यावरचे ओरखडे, लेन्सची काच आणि सुरू होणारा पडदा यांचे मोबाइलवर चित्रण करून ठेवावे आणि अनामत रकमेच्या अटी लेखी घ्याव्यात. भाडे वाया गेले असे वाटू देऊ नये, कारण न आवडलेला कॅमेरा वर्षभराने विकताना होणाऱ्या तोट्यापुढे ते किरकोळ असते.

हातात घेतल्यावर

कॅमेरा बंद ठेवूनच सुरुवात करावी. एका हातात धरून अंगठा कुठे टेकतो, तर्जनी बटणावर आपोआप पडते की ताणावी लागते, हे पाहावे. जीआर ३ चे वजन बॅटरीसह २५७ ग्रॅम आहे आणि एक्स१००व्हीआयचे ५२१ ग्रॅम. कागदावर हा फरक क्षुल्लक वाटतो, परंतु जीआर सदऱ्याच्या खिशात जातो आणि एक्स१००व्हीआय जात नाही, त्यामुळे दोघांची जात एक असूनही वापर अगदी वेगळा होतो. रोज सोबत राहणारा कॅमेरा हवा असेल तर ही कसोटी प्रतिमेच्या दर्जाहून वरची मानावी, असे माझे मत आहे.

पुढची पायरी डोळ्याची आहे, आणि चष्मा लावणाऱ्यांनी ती मुळीच वगळू नये. जीआरला व्ह्यूफाइंडर नाही. सगळे काम मागच्या पडद्यावर चालते. चाळिशी लागलेल्यांना हा पडदा जवळच्या चष्म्याशिवाय धूसर दिसतो, आणि मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात तर तरुण डोळ्यांनाही त्यावरचे दिसेनासे होते. म्हणून दुकानदाराला विनंती करून पडदा दाराबाहेर उन्हात नेऊन पाहावा. एक्स१०० मालिकेत व्ह्यूफाइंडरशेजारच्या चकतीने चष्म्याच्या नंबरानुसार दृष्टी जुळवता येते. लायका एममध्ये अशी चकती नसते. त्याचा व्ह्यूफाइंडर सुमारे दोन मीटरवर पाहत असल्यासारखा ठरवलेला असतो, त्यामुळे दूरचे नीट दिसणाऱ्या माणसाला चाळिशीचा अडथळा त्यात होत नाही. मात्र दूरचा नंबर असल्यास चष्मा लावून पाहावे लागते किंवा डोळ्याच्या खिडकीवर बसवायचे भिंग वेगळे घ्यावे लागते. डोळ्याला तिरपा नंबर असेल तर ते भिंग पुरत नाही, चष्माच हवा. चष्मा लावून पाहताना चौकटीचे चारही कोपरे एकाच वेळी दिसतात का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. एम मालिकेत २८ मिलिमीटरची चौकट चष्मेवाल्यांना एका नजरेत सहसा सामावत नाही, आणि ३५ ची बहुतेकांना सामावते.

कॅमेरा सुरू केल्यावर तीन मांडण्या (सेटिंग्ज) करून घ्याव्यात: रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) आणि जेपेग (तयार चित्र) दोन्ही नोंदले जावेत, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) आपोआप ठरावा आणि त्यासाठी शटरचा किमान वेग १/१२५ सेकंद असावा, आणि बाकी सगळे मूळ स्थितीत असावे. आधीच्या ग्राहकाने काय काय बदलून ठेवले असेल याचा नेम नसतो.

कॉम्पॅक्टची चाचणी

ऑटोफोकसच्या कॅमेऱ्यात वेगाचे दोन भाग पडतात: फोकस सापडायला लागणारा वेळ, आणि फोकस झाल्यानंतर बटण पूर्ण दाबल्यावर चित्र नोंदले जायला लागणारा वेळ. नवशिके दोन्ही एकत्र मोजतात आणि कॅमेऱ्याला 'मंद' ठरवतात. वेगळे मोजण्यासाठी सोबत्याला आपल्या दिशेने चालत यायला सांगावे आणि त्याचे पाऊल जमिनीला टेकताच बटण एकदम पूर्ण दाबावे. मग हीच कृती बटण आधी अर्धे दाबून, फोकस धरून ठेवून करावी. दुसऱ्या प्रकारात पाऊल टेकलेले आणि पहिल्या प्रकारात पुढे निघून गेलेले आढळले तर उशीर फोकसचा आहे, आणि त्यावर उपाय करता येतो.

रिकोच्या जीआर मालिकेत हा उपाय 'स्नॅप फोकस' या नावाने दिलेला आहे. अंतर आधीच ठरवून ठेवायचे, बटण एका झटक्यात पूर्ण दाबले की कॅमेरा काहीही न शोधता त्या अंतरावर चित्र घेतो. त्यामागचे गणित समजून घेतल्यास ही सोय खऱ्या अर्थाने हाती येते. जीआर ३ च्या लेन्सचे प्रत्यक्ष नाभीय अंतर (फुल फ्रेमवर २८ मिलिमीटरच्या तोडीचे ठरते ते) १८.३ मिलिमीटर आहे. अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र; एफचा आकडा मोठा तितके ते लहान) एफ/८ वर आणि अंतर २.५ मीटरवर ठेवले, तर साधारण १.१५ मीटरपासून अनंतापर्यंत सगळे स्वीकारण्याजोगे स्पष्ट येते. अ‍ॅपर्चर एफ/२.८ केले तर तीच पट्टी सुमारे १.७५ ते ४.३ मीटर इतकी आखूड होते. दादरच्या फुलबाजारात सकाळच्या उजेडात एफ/८ ठेवून चालत राहिल्यास फोकसचा विचारच करावा लागत नाही. पुण्याच्या महात्मा फुले मंडईत आतल्या बाजूला एफ/२.८ वर जावे लागते आणि तिथे अंतराचा अंदाज चुकला की चित्र हुकते. दोन्ही ठिकाणी दोन्ही पद्धतींनी, म्हणजे ऑटोफोकसने आणि स्नॅप फोकसने, सारख्याच संख्येने चित्रे घ्यावीत आणि हुकलेली मोजावीत. माझ्या मते जीआर घ्यावा की नाही, याचे उत्तर या मोजणीइतके स्वच्छ दुसरे काही देत नाही.

एक्स१०० मालिकेचे वैशिष्ट्य तिच्या दुहेरी व्ह्यूफाइंडरमध्ये आहे. पुढची खटकी ओढली की काचेतून दिसणारे दृश्य जाते आणि त्याजागी सेन्सरला दिसणारे दृश्य येते. काचेच्या दृश्यात चौकटीबाहेरचेही दिसते, त्यामुळे माणूस चौकटीत शिरण्यापूर्वीच त्याची चाहूल लागते. मात्र व्ह्यूफाइंडर लेन्सच्या बाजूला असल्याने जवळच्या वस्तूंची मांडणी सरकते. एखादे फूल हातभर अंतरावरून काचेच्या दृश्यातून आणि लगेच इलेक्ट्रॉनिक दृश्यातून पाहिले की ही सरक डोळ्यांना कळते. चाचणीत दोन्ही वापरावेत आणि तासाभराने खटकी आपोआप कोणत्या बाजूला स्थिरावली आहे ते पाहावे. ती कायम इलेक्ट्रॉनिक बाजूलाच राहत असेल तर या कॅमेऱ्याच्या किमतीतला मोठा भाग आपल्या उपयोगाचा नाही असे समजावे. एक्स१००व्हीआयमध्ये चार स्टॉप, म्हणजे सोळाव्या हिश्शापर्यंत, प्रकाश कमी करणारा फिल्टर आतच बसवलेला आहे. भर उन्हात एफ/२ वर चित्र काढून, फिल्टर लावून आणि काढून, तो एकदा पाहून घ्यावा.

आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर सगळ्यांना आवडते. ते एलईडी दिव्यांखाली तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नये. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीअधिक होतात, आणि वेगवान शटरवर चित्रात आडवे पट्टे उमटतात. दुकानातल्याच दिव्याखाली १/५००, १/१०० आणि १/५० अशी तीन चित्रे घेतली की उलगडा होतो. एक्स१०० आणि जीआर यांच्या लेन्समध्येच असलेले पानांचे शटर (लीफ शटर) मुळातच इतके हळू वाजते की बहुधा इलेक्ट्रॉनिकची गरज भासत नाही.

झूम कॉम्पॅक्टबद्दल एवढेच, की झूम लांबवताना अ‍ॅपर्चर किती आखडते ते पाहावे. आरएक्स१०० च्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीत ते एफ/२.८ वरून एफ/४.५ पर्यंत जाते, आणि लहान सेन्सरवर घरातल्या संध्याकाळच्या उजेडात ते जाणवते.

रेंजफाइंडरची चाचणी

या कॅमेऱ्यात दोन परीक्षा एकदम चालतात, एक यंत्राची आणि एक आपली. त्या वेगळ्या करता आल्या नाहीत तर चांगला कॅमेरा नाकारला जातो किंवा बिघडलेला गळ्यात पडतो. म्हणून पायऱ्या क्रमानेच कराव्यात. चाचणीसाठी ५० किंवा ३५ मिलिमीटरची लेन्स मागावी.

प्रथम लेन्सचे कडे अनंताच्या खुणेपर्यंत नेऊन टेकवावे आणि निदान एकदोन किलोमीटर दूरची, उभी आणि ठळक रेषा असलेली वस्तू पाहावी. पुण्यात पर्वतीवरून दिसणारा सिंहगडावरचा मनोरा यासाठी उत्तम, मुंबईत मरीन ड्राइव्हवरून पलीकडच्या किनाऱ्यावरच्या इमारतींच्या कडा. मधल्या चौकटीत दोन्ही प्रतिमा तंतोतंत एकावर एक पडल्या पाहिजेत. आडव्या दिशेने फरक राहिला तर अनंताची जुळणी बिघडली आहे. एक प्रतिमा किंचित वर आणि एक खाली दिसली तर उभी जुळणी बिघडली आहे. तिने अंतर चुकत नाही, पण डोळा थकतो आणि फोकस साधायला वेळ लागतो. दोन्ही दोष दुरुस्त होण्यासारखे असतात, पण कॅमेरा आदळल्याची शंका घेण्याइतके महत्त्वाचेही असतात.

दुसरी पायरी जवळच्या अंतराची. वर्तमानपत्र टेबलावर पसरून कॅमेरा कशावर तरी स्थिर ठेवावा आणि सुमारे एक मीटरवरून, ४५ अंशांच्या कोनातून एका मथळ्यावर फोकस करावा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे हवे. ५० मिलिमीटर एफ/१.४ लेन्सवर एक मीटर अंतराला स्पष्टतेची खोली (पुढेमागे जेवढे अंतर स्पष्ट येते ते) जेमतेम तीन सेंटिमीटर असते, त्यामुळे थोडी चूकही लपत नाही. पाच चित्रे घ्यावीत, आणि प्रत्येक वेळी कडे पूर्ण फिरवून फोकस नव्याने साधावा. मग पाचही चित्रे मोठी करून स्पष्ट ओळ कोणती आली ते पाहावे. पाचही वेळा ओळ मथळ्याच्या एकाच बाजूला, सारख्याच अंतरावर सरकलेली असेल तर दोष यंत्राचा आहे. कधी पुढे, कधी मागे अशी विखुरलेली असेल तर दोष हाताचा किंवा डोळ्याचा आहे, आणि तो सरावाने जातो. यंत्राचा दोष वाटल्यास दुसरी लेन्स लावून तीच कृती करावी: दोन्ही लेन्सवर सारखीच सरक दिसली तर कॅमेऱ्याची जुळणी बिघडली आहे, एकीवरच दिसली तर त्या लेन्सची. २०१३ पासून मिळू लागलेल्या एम टाइप २४० पासून पुढच्या बहुतेक कॅमेऱ्यांत पडद्यावर थेट दृश्य दिसते, त्यामुळे तिथे पडद्यावर फोकस करून सहावे चित्र घ्यावे. ते नेमके आले की लेन्सची काच निर्दोष आहे एवढे कळते. एम८ आणि एम९ मध्ये ही सोय नाही.

ही चाचणी उन्हात करू नये, कारण भर उन्हात आयएसओ १०० वर एफ/१.४ ला सुमारे १/१२,००० सेकंदाचा वेग लागतो आणि एम९ पासून पुढच्या एमच्या यांत्रिक शटरची मर्यादा १/४००० आहे. सावलीत किंवा खिडकीजवळ करावी.

यंत्र ठीक निघाले की आपली परीक्षा सुरू होते. मधल्या चौकटीला उभी कड मिळाली की फोकस पटकन साधतो: दाराची चौकट, चेहऱ्याची बाजू, चष्म्याची काडी, सदऱ्याची पट्टी. विजेच्या तारेसारखी आडवी रेषा असेल तर कॅमेरा उभा धरावा. खिडकीची जाळी, गजांची रांग किंवा बारीक पट्ट्यांची साडी यांवर फोकस करू नये, कारण शेजारच्या दोन रेषा एकमेकींवर बसून फोकस झाल्याचा भास होतो. अंधुक प्रकाशात मात्र ही पद्धत बरीच तग धरते, कारण मधली चौकट लेन्सच्या अ‍ॅपर्चरवर अवलंबून नसते. देवळाच्या गाभाऱ्याबाहेरच्या समईच्या उजेडातही, उभी कड सापडली की काम होते.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. प्रत्येक चित्रानंतर कडे अनंताकडे परत न्यावे. असे केल्याने पुढच्या वेळी ते कोणत्या दिशेला फिरवायचे याचा विचार करावा लागत नाही आणि निम्मा वेळ वाचतो. बऱ्याच लेन्सना बोट टेकवण्यासाठी लहान खाच किंवा दांडी असते. ती सरळ खाली असताना अंतर किती, हे त्या लेन्सपुरते पाठ करावे. मग डोळ्याला न लावताच बोटाने अंतर लावावे, ते किती मीटर आहे हे मोठ्याने म्हणावे आणि नंतर व्ह्यूफाइंडरमधून पडताळावे. फुल फ्रेमवर ३५ मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर आणि तीन मीटरवर ठेवली तर सुमारे १.९ ते ७ मीटरपर्यंत चित्र स्पष्ट येते, त्यामुळे हा अंदाज अर्ध्या मीटरने चुकला तरी दिवसाउजेडी बिघडत नाही.

रेंजफाइंडरच्या काही मर्यादा चाचणीतच पाहून घ्याव्यात. बहुतेक एम लेन्स रेंजफाइंडरच्या जुळणीने ०.७ मीटरपेक्षा जवळ येत नाहीत. ताटातल्या पदार्थांची किंवा फुलांची जवळून चित्रे काढणाऱ्याला ते अडेल. मोठी लेन्स आणि तिचे हूड (ऊन अडवणारी पुढची झापड) लावले की व्ह्यूफाइंडरचा खालचा उजवा कोपरा झाकला जातो, म्हणून जी लेन्स प्रत्यक्षात घेणार तीच लावून पाहावी. चौकटीच्या रेषा एका ठरावीक अंतरासाठी आखलेल्या असतात, एम१० मध्ये दोन मीटरसाठी. त्यापेक्षा दूरच्या दृश्यात चित्रात रेषांपेक्षा थोडे अधिक येते. आणि दृश्य लेन्समधून येत नसल्याने लेन्सवर झाकण असले तरी व्ह्यूफाइंडरमध्ये सगळे छान दिसत राहते, ही गंमत पहिल्या आठवड्यात जवळपास प्रत्येकाला कळते.

वापरलेला कॅमेरा घेताना

किमतीमुळे पुष्कळ जण जुन्या एमकडे वळतात. एम८ घेताना काळी नायलॉनची पिशवी किंवा छत्री दिवसाउजेडी टिपून पाहावी. त्याचा सेन्सर अवरक्त किरणांना संवेदनशील असल्याने असे काळे कृत्रिम कापड जांभळट येते, आणि ते टाळण्यासाठी प्रत्येक लेन्सवर खास फिल्टर लावावा लागतो. विक्रेता तो देत आहे का, हे विचारावे. एम९ मध्ये सेन्सरवरच्या काचेला गंज लागण्याचा दोष सर्वज्ञात आहे. एफ/१६ वर निरभ्र आकाशाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे चित्र घेऊन ते मोठे करावे. धूळ असेल तर साधे काळसर ठिपके दिसतात; गंजाचे डाग कडेने उजळ वर्तुळ असलेले दिसतात आणि पुसून जात नाहीत. सेन्सर बदललेला असल्यास त्याचा कागद मागावा.

महाराष्ट्रात, विशेषतः कोकणपट्टी आणि मुंबईत वापरलेल्या लेन्सची बुरशी तपासावी. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून टॉर्चचा झोत मागून तिरपा टाकला की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. दिसले की तो व्यवहार सोडून द्यावा. नवीन कॅमेऱ्याचेही तेच भविष्य होऊ नये यासाठी तो चामड्याच्या पिशवीत बंद करून कपाटात न ठेवता ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या पेटीत, किंवा निदान सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा.

पावसाचा विचारही खरेदीच्या वेळीच करावा. जीआर ३ पावसासाठी बनवलेला नाही, आणि त्याची लेन्स आतबाहेर होत असल्याने धूळ आत शिरून सेन्सरवर बसण्याच्या तक्रारी जुन्या आहेत. लेन्स काढता येत नसल्यामुळे ती घरी साफ करता येत नाही. एक्स१००व्ही आणि एक्स१००व्हीआय हे लेन्सवर जोडकडे आणि ४९ मिलिमीटरचा फिल्टर लावल्यावरच पाण्याच्या शिंतोड्यांना तोंड देतात, आणि या दोन्ही वस्तू वेगळ्या घ्याव्या लागतात. क्यू२ आणि क्यू३ यांना धूळ आणि पाण्याच्या थेंबांपासून आयपी५२ दर्जाचे संरक्षण आहे. आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर पालखीसोबत चालण्याचा बेत असेल तर हे सारे खर्चाच्या हिशेबात धरावे. जीआर ३ ची बॅटरी ठरलेल्या मोजमापाने सुमारे २०० चित्रे देते, म्हणजे दिवसभरासाठी निदान आणखी एक हवीच.

घरी चित्रे पाहताना

भाड्याचे दोन दिवस संपल्यावर फाइली त्याच रात्री उघडू नयेत. दोनतीन दिवस जाऊ द्यावेत. पाहताना पहिल्या फेरीत मोठे करायचे नाही, पडद्यावर मावतील एवढीच ठेवून आवडलेली वेगळी काढायची. दुसऱ्या फेरीत हुकलेली चित्रे घ्यावीत आणि प्रत्येकासमोर कारण लिहावे: फोकस चुकला, उशीर झाला, चौकट चुकली, पडद्यावर दिसले नाही, कॅमेरा बॅगेतच होता. ही यादी बहुधा एका कारणाकडे झुकते. चौकट चुकण्याचे प्रमाण सरावाने घटते. पडदा न दिसणे आणि कॅमेरा बॅगेतच राहणे सरावाने घटत नाही, त्यामुळे ती कारणे अधिक असतील तर कॅमेरा बदलावा. रंगांचा निकाल जेपेगवरून लावू नये, कारण फुजीच्या फिल्मसारख्या रंगछटा पहिल्या दिवशी भुलवतात. रॉ फाइल एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडून त्वचेचे रंग ताडावेत. दोन कॅमेऱ्यांत खरोखरच अडकलात तर दोहोंतून एकेक चित्र निवडून १२ × १८ इंची प्रिंट काढावे. लॅबमध्ये त्याला फार खर्च येत नाही, आणि पडद्यावर दिसणारे बहुतेक फरक कागदावर मावळतात.

निवड झाली की बिल भारतीय आयातदाराच्या वॉरंटीसह आणि जीएसटीसह घ्यावे. परदेशातून आलेला स्वस्त माल घेतल्यास दुरुस्तीच्या वेळी भारतातले सेवा केंद्र वॉरंटी मानेल का, ते आधी लेखी विचारावे. रेंजफाइंडरच्या बिलावर कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा क्रमांक वेगवेगळा लिहून घ्यावा, आणि तारखेपासून आठवड्याच्या आत अनंताची व वर्तमानपत्राची चाचणी स्वतःच्या नगावर पुन्हा करावी, कारण दुकानात तपासलेला नग आणि खोक्यातून आलेला नग एक नसतो.